रात्री झोपण्यापूर्वी एकही प्रश्न कोरा राहू नये: छोटा चर्चा-ग्रुप सुरू करणं, चालवणं आणि वाढवणं

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं काहीतरी साचलंय आणि खोडावर मुंग्यांची रांग लागलीय, असा एक फोटो आमच्या ग्रुपवर रात्री पावणेदहाला आला. फोटो कासारवडवलीच्या एका ताईंचा. ग्रुपमध्ये येऊन त्यांना चार दिवस झाले होते आणि तोवर त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सव्वादहाच्या आत तीन उत्तरं आली. एकानं सांगितलं, हा पिठ्या ढेकूण. नौपाड्याच्या काकूंनी विचारलं, शेजारच्या कुंड्या बघितल्यात का, पानं उलटी करून बघा. तिसऱ्यानं कृती लिहिली: आधी पाण्याच्या जोरानं पांढरं धुऊन काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. मुंग्याही हटवा, कारण किडीच्या गोड स्रावासाठी त्या तिची राखण करतात. दोन आठवड्यांनी ताईंनी त्याच फांदीचा हिरवागार फोटो टाकला. आता पिठ्या ढेकणाचा प्रश्न आला की पहिलं उत्तर त्यांचं असतं.

त्याच महिन्यात कळव्याच्या एका काकांनी विचारलं होतं, कढीपत्त्याची पानं पिवळी का पडताहेत. गणपतीची धावपळ होती, आरास आणि मोदकांच्या फोटोंखाली प्रश्न गडप झाला. तिसऱ्या दिवशी ‘ग्रुप सोडला’ अशी राखाडी ओळ दिसली. ती वाचून मी वर सरकत गेले, तेव्हा प्रश्न सापडला. ते मला फार लागलं.

ठाण्यातल्या बाल्कनी-बागेचा हा ग्रुप काही वर्षं चालवल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. चर्चेचा ग्रुप उत्तरांवर टिकतो. विचारलेल्या प्रश्नाला त्याच रात्री कोणीतरी दाद दिली की माणूस राहतो, आणि राहिलेला माणूस पुढे उत्तरं देऊ लागतो. खाली जे सगळं सांगणार आहे, विषय निवडण्यापासून ॲडमिन बदलण्यापर्यंत, ते या एका गोष्टीसाठी आहे. तुमचा विषय झाडं नसेल तरी चालेल. ऐरोलीच्या खाडीवर पक्षी बघणारे, घोडबंदर रोडवरचे नवे आईबाप, पाचपाखाडीतले निवृत्तीनंतर तबला शिकणारे, सगळ्यांना हेच लागू पडतं.

विषय छाटून घ्या

‘झाडांची आवड’ हा विषय ग्रुपला पुरत नाही. तो इतका पसरट आहे की कोणाला काही विचारावंसंच वाटत नाही. ठाण्यात ग्रिलमध्ये आणि बाल्कनीत झाडं लावणाऱ्यांचे प्रश्न मात्र अगदी नेमके असतात. पश्चिमेचं दुपारचं ऊन, चार महिने न सुकणारी माती, खालच्या मजल्यावर पाणी टपकतं म्हणून आलेली सोसायटीची चिठ्ठी, येऊरच्या बाजूच्या इमारतींत येणारी माकडं, कुंडीखालच्या ताटलीत डासांच्या अळ्या शोधायला येणारे महापालिकेचे कर्मचारी. विषय असा छाटला की दोन गोष्टी होतात. ज्याला हा त्रास आहे तो लगेच ओळखतो की हे माझं ठिकाण. आणि उत्तर देणाऱ्याचा अनुभव विचारणाऱ्याच्या कामी येतो, कारण दोघांचं ऊन आणि पाऊस एकच असतो.

एक परीक्षा सांगते. कागद घ्या आणि तुमच्या विषयावर खऱ्या माणसाला पडतील असे वीस प्रश्न लिहा. प्रत्येकासमोर असा प्रश्न पडलेल्या ओळखीच्या माणसाचं नाव लिहा. पाच नावंही निघत नसतील तर विषय बदला किंवा अजून छाटा. हा कागद जपून ठेवा, पहिल्या महिन्यात लागेल.

पहिली वीस माणसं हातानं निवडा

ग्रुप उघडून लिंक सगळीकडे टाकायची, ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट सुरुवात. अशा लिंकवरून आलेल्या माणसाला कोणी बोलावलेलं नसतं, त्यामुळे त्याला बोलण्याचं बंधनही वाटत नाही. मी फोन केले. एकेकाला सांगितलं की अमुक करतेय, तुम्ही हवे आहात, आणि का हवे आहात तेही सांगितलं.

वीसांत तीन प्रकारची माणसं बघा. तीन-चार जाणती, म्हणजे ज्यांच्या हातून खरोखर झाडं जगली आहेत. बारा-तेरा शिकणारी, ज्यांना प्रश्न पडतात आणि विचारायला लाज वाटत नाही. आणि दोन-तीन बोलकी, फोटो दिसला की ‘वा, काय फुललाय मोगरा’ म्हणणारी. या शेवटच्यांना कमी लेखू नका. ग्रुपमधली ऊब त्यांच्यामुळे असते.

जाणत्यांशी आधीच ठरवून घ्या. मी प्रत्येकाकडे आठवड्यातला एक वार मागितला. ‘मंगळवारी आलेला एकही प्रश्न तुम्ही कोरा जाऊ द्यायचा नाही, बाकी सहा दिवस तुम्ही मोकळे.’ इतकं नेमकं मागितलं की लोक हो म्हणतात. ‘जमेल तसं लक्ष ठेवा’ म्हटलं की कोणीच ठेवत नाही.

जागा कुठली घ्यावी

याचं उत्तर एका वाक्यात: तुमची वीस माणसं आज जिथे आहेत तिथे. आमची व्हॉट्सॲपवर होती. नौपाड्याच्या काकू नवीन ॲप उतरवून घेणार नव्हत्या, आणि त्यांच्याशिवाय ग्रुप उभाच राहिला नसता.

तरी दोष माहीत असावेत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, पण तिथं पोचण्याआधीच चर्चा गुदमरते. प्रत्येक सभासदाचा फोन नंबर बाकी सर्वांना दिसतो. ग्रुपमध्ये बायका असतील तर ही मोठी बाब आहे, तिच्याकडे पुढे येते. नव्या माणसाला जुन्या गप्पा आपोआप दिसत नाहीत. आणि सगळं एकाच रांगेत वाहतं, त्यामुळे कढीपत्त्याचा प्रश्न मोदकांखाली जातो. टेलिग्राममध्ये नंबर लपवता येतो, नव्या माणसाला जुनी चर्चा दाखवता येते, आणि एका ग्रुपमध्ये विषयवार दालनं करता येतात. ओळखीपाळखी नसलेल्या लोकांचा ग्रुप असेल तर मी तेच सुचवीन.

स्वतःची साइट उभारायची उमेद असेल तर चर्चेच्या साइटसाठी २०१३ साली आलेलं डिस्कोर्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यातली एक रीत कुठल्याही ग्रुपनं घेण्यासारखी आहे: नव्या सभासदाला सुरुवातीला लिंका आणि चित्रं टाकण्यावर मर्यादा असते, आणि तो वाचू-बोलू लागला की अधिकार आपोआप वाढत जातात. पण सर्व्हर, ईमेलची सोय, बॅकअप हे सांभाळणारा माणूस हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. मराठीत मायबोली हे चर्चेचं संकेतस्थळ १९९६ पासून आणि मिसळपाव २००७ पासून आहे. त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत आहे, वीस माणसांच्या ग्रुपला तेवढं पेलवत नाही.

व्हॉट्सॲप घेतलंत तर पहिल्याच दिवशी तीन सेटिंग बघा. नव्या सभासदाला ॲडमिनची मंजुरी लागेल असं करा. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर नव्वद दिवसांत सगळं शहाणपण पुसलं जाईल. आणि ग्रुपचं नाव-फोटो बदलण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा.

नियम थोडे, पण लिहिलेले

आमचे नियम ग्रुपच्या वर्णनात आहेत. हवे तर उचला आणि विषय बदलून वापरा.

१. हा ग्रुप ठाण्यातल्या बाल्कनी, खिडकी आणि गच्चीतल्या झाडांविषयी आहे.
२. शुभ सकाळ, सणांच्या शुभेच्छा, राजकारण आणि फॉरवर्ड इथे नकोत.
३. प्रश्नासोबत फोटो टाका. कुंडी किती इंची, ऊन किती तास, पाणी किती वेळा, हे तीन तपशील लिहा.
४. कोणताही प्रश्न क्षुल्लक नाही. प्रश्नाची थट्टा करू नये, हसणारी इमोजीसुद्धा नको.
५. उत्तर देताना स्वतः केलेलं सांगा. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असं लिहा.
६. कोणालाही खाजगी मेसेज किंवा फोन करायचा तर आधी ग्रुपवर विचारा. हा नियम मोडल्यास ताबडतोब बाहेर.
७. रोपं, कुंड्या, खत यांची विक्री फक्त रविवारी.

चौथा नियम एका प्रसंगानंतर आला. एका मुलीनं विचारलं होतं, प्लास्टिकच्या कुंडीला खाली भोकं पाडावीच लागतात का? कोणीतरी तीन हसरे चेहरे टाकले, पाठोपाठ अजून दोघांनी. दहा मिनिटांत तिनं प्रश्न पुसून टाकला. मी दिवसभर कामात होते, संध्याकाळी पाहिलं आणि ‘उद्या बोलू’ म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा ती नीट बोलली, पण पुन्हा कधी ग्रुपवर लिहिलं नाही. आमच्या पावसात बुडालेल्या किती कुंड्यांची मुळं फक्त बुजलेल्या भोकांमुळे कुजतात, हे आठवलं की वाटतं, तिचा प्रश्न त्या आठवड्यातला सर्वांत चांगला होता. अशा वेळी ॲडमिननं तासाभरात ग्रुपवरच बोलायला हवं. हसणाऱ्याला झापायची गरज नाही, प्रश्नाला मनापासून उत्तर दिलं की रोख कळतो.

सहाव्या नियमात मात्र मुळीच ढिलाई नको. नंबर उघडे असतात, आणि ‘तुमचा डीपी छान आहे’ पासून सुरू होणारे मेसेज एखादीला आले तर ती तक्रार न करता ग्रुप सोडते. महिन्यातून एकदा मी ग्रुपवर लिहिते की असं काही झालं तर मला स्क्रीनशॉट पाठवा, तुमचं नाव कुठेही येणार नाही. तक्रार आली की आधी काढते, मग कारण कळवते. पुन्हा संधी देत नाही.

शुभ सकाळवाल्यांशी मात्र मायेनं वागावं. बहुतेक वेळा ती मोठी माणसं असतात आणि त्यांना खरोखर आपली आठवण आलेली असते. ग्रुपवर न बोलता खाजगीत लिहा: ‘काका, तुमच्या शुभेच्छा पोचल्या. ग्रुपवर मात्र फक्त झाडं ठेवू या, म्हणजे कोणाचा प्रश्न खाली जाणार नाही. तुमच्या तुळशीचा फोटो टाका ना.’ शेवटचं वाक्य विसरू नका. एक दार बंद करताना दुसरं दाखवायचं. आमचे एक काका आता रोज सकाळी गुलाबाच्या चित्राऐवजी स्वतःच्या गोकर्णीचं फूल टाकतात.

रोजची फेरी

हे सर्वांत महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर.

रोज रात्री साडेनऊला दिवसभराचे मेसेज वरून खाली चाळायचे. दहा मिनिटं लागतात. शोधायचं एकच: असा प्रश्न, ज्याखाली उत्तर नाही. सापडला की त्याच मेसेजला धरून रिप्लाय करायचा, म्हणजे तो पुन्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो, आणि ज्याला ते येत असेल त्याला नावानं हाक मारायची. ‘दादा, तुमच्याकडेही लिंबू आहे ना, फुलं गळताना तुम्ही काय केलंत?’ नावानं मारलेल्या हाकेला बहुतेक वेळा ओ येते. ‘कोणाला माहीत आहे का?’ असं सगळ्यांना विचारलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा सांगेल.

कोणालाच येत नसेल तर तसं लिहा: ‘हे मला ठाऊक नाही, उद्या नर्सरीत विचारून सांगते.’ हेही उत्तरच आहे. माणसाला कळतं की आपलं बोलणं कुणीतरी वाचलं. मात्र उद्या खरंच विचारा.

आता एक चूक सांगते, जी मी पहिले चार-पाच महिने केली. मला उत्तर माहीत असलं की मी दोन मिनिटांत टाकायची. फोटो आला की निदान, लगेच उपाय. लोक आभार मानायचे, मला बरं वाटायचं. हळूहळू लक्षात आलं की बाकी कोणी लिहितच नाही. नौपाड्याच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, ‘अगं, तू सांगतेसच की. मग आम्ही काय बोलायचं?’ तेव्हापासून मी स्वतःला दोन तासांचं बंधन घातलं. प्रश्न येऊन दोन तास होईपर्यंत मी उत्तर देत नाही, फक्त नियमातले तपशील नसतील तर विचारते. दोन तासांत दुसऱ्या कोणी सांगितलं आणि ते अर्धवट असेल तर त्यात भर घालते, खोडत नाही. पुढच्या दोन महिन्यांत उत्तर देणारे सहाचे सतरा झाले. प्रश्न कोरा जाऊ द्यायचा नाही आणि सगळी उत्तरं आपणही द्यायची नाहीत, या दोन टोकांमधली जागा म्हणजे ॲडमिनचं काम.

पहिल्या महिन्यात प्रश्नच येत नाहीत, तेव्हा तो वीस प्रश्नांचा कागद काढा. रोज एक खरा प्रश्न तुम्ही विचारा किंवा ज्याचं नाव समोर लिहिलंय त्याला फोन करून म्हणा, ‘काल मला जे विचारलंत ते ग्रुपवर विचारा ना.’ पुढे ऋतूच प्रश्न आणतो. आमच्याकडे थंडी सरताना मोगऱ्याची छाटणी, मेच्या अखेरीस निचऱ्याची भोकं मोकळी करणं, जूनमध्ये फांद्या रुजवणं, श्रावणात ताटलीतलं साचलेलं पाणी आणि डास, दिवाळीनंतर मेथी-कोथिंबीर आणि टोमॅटो. तुमच्या विषयाचंही असं पंचांग असेल, ते एकदा लिहून काढा.

बहुतेक माणसं काहीच बोलणार नाहीत, याचं वाईट वाटून घेऊ नका. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी २००६ साली एक ढोबळ ठोकताळा मांडला होता: ऑनलाइन समूहात ९० टक्के लोक नुसतं वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बरंचसं लिखाण उरलेल्या १ टक्क्याचं असतं. ओळखीच्या छोट्या ग्रुपमध्ये प्रमाण याहून खूप चांगलं राहतं, पण गप्प माणूस नेहमीच कंटाळलेला नसतो. उपवन तलावावर भेटलेल्या एका बाईंनी मला सांगितलं, की त्या वर्षभर फक्त वाचून घरी अकरा कुंड्या जगवत होत्या.

उत्तरांची वही

पाचव्यांदा ‘मोगऱ्याला कळ्या येत नाहीत’ असं आलं की जाणती माणसं थकतात. त्यांचा दोष नाही. यावर उपाय म्हणजे वही. आम्ही एक सामायिक गूगल डॉक्युमेंट केलं. एखाद्या प्रश्नाची चर्चा चांगली झाली की कोणीतरी तिचं आठ-दहा ओळींत सार लिहितं: लक्षण, कारण, ठाण्यात कोणी काय केलं, काय झालं. फोटो जोडतो. कोणाच्या अनुभवावरून आलं ते लिहितो, पण त्यांना विचारूनच, आणि आडनाव-इमारत न लिहिता. लिंक वर्णनात आहे आणि ग्रुपच्या वर पिन केलेली आहे. व्हॉट्सॲपवर पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते, म्हणून महिन्याच्या १ तारखेला पुन्हा लावावी लागते.

वहीचा धाक मात्र दाखवू नका. ‘आधी वही वाचा’ हे वाक्य नव्या माणसाला थप्पड वाटतं. आम्ही असं लिहितो: ‘याचं पान वहीत आहे, लिंक देते. वाचून झालं की सांगा, तुमच्या कुंडीचं यापेक्षा वेगळं काही आहे का.’ बऱ्याचदा वेगळं असतं, आणि वहीत एक ओळ वाढते.

खटके उडाले तर

सर्वांत मोठं भांडण आमच्याकडे औषधावरून झालं. पावसाळ्यात एका काकांनी बुरशीसाठी रासायनिक पावडर सुचवली. एका ताईंनी लिहिलं, ‘लोकांना विष खायला शिकवू नका.’ काकांनी उलट विचारलं, तुम्हाला किती वर्षांचा अनुभव? अर्ध्या तासात चाळीस मेसेज झाले आणि त्यात ज्यांच्या गुलाबावर काळे डाग पडले होते त्यांचा प्रश्न वाहून गेला.

अशा वेळी हे या क्रमानं करा. ग्रुपवर एकच ओळ लिहा: ‘रात्र झालीय, सकाळी आठला पुन्हा बोलू’, आणि सेटिंगमधून फक्त ॲडमिन लिहू शकतील असं करा. मग दोघांनाही फोन करा. मेसेज नको, फोनच. मी काकांना विचारलं, ते गुलाब खाण्यासाठी नव्हते ना? ताईंना विचारलं, तुमच्याकडे बुरशी आली तेव्हा तुम्ही काय केलंत? त्यांच्याकडे चांगलं उत्तर होतं: डाग पडलेली पानं तोडून फेकायची, खाली पडलेलीही उचलायची, कुंड्यांत अंतर ठेवायचं, पाणी पानांवर न घालता मातीत घालायचं. सकाळी आठला ग्रुप उघडला आणि मी आधी त्या गुलाबवाल्यांचा प्रश्न पुन्हा टाकला. मग दोघांनी आपापलं, ‘मी काय केलं’ अशा शब्दांत लिहिलं. नियम पाच त्यातूनच आला. ‘असंच करायला पाहिजे’ यावर भांडता येतं, ‘मी असं केलं आणि असं झालं’ यावर फारसं भांडता येत नाही.

कोणाला काढायचं ठरलं तर गाजावाजा न करता काढा, त्या व्यक्तीला कारण स्पष्ट कळवा आणि ग्रुपवर तिची चर्चा होऊ देऊ नका.

भेटा

वर्षातून दोनदा तरी प्रत्यक्ष भेट व्हावी. मायबोलीकरांचा पावसाळी वर्षाविहार प्रसिद्ध आहे. पडद्यामागच्या माणसाचा चेहरा पाहिला की पुढचं बोलणंच बदलतं, हे त्यांना फार आधी उमगलं. आम्ही जूनच्या पहिल्या पावसानंतर एका रविवारी सकाळी उपवन तलावाच्या काठी भेटतो. प्रत्येकानं ओल्या फडक्यात गुंडाळून, नाव लिहून फांद्या आणायच्या आणि दुसऱ्याच्या न्यायच्या. हॉल नको, वर्गणी नको, दीड तासात पांगायचं. पहिल्या भेटीला नऊ जण होते, छत्र्या आणि पिशव्या घेऊन. औषधावरून भांडलेले काका आणि ताई त्या दिवशी एकाच रिक्षानं घोडबंदरला गेले. जागा सार्वजनिक, वेळ उजेडाची, आणि कोणाच्या घरी नाही, एवढं पाळा.

वाढ किती वेगानं

इंटरनेटच्या जुन्या काळात युजनेट नावाचं चर्चेचं दालन होतं. दर सप्टेंबरात अमेरिकेतल्या विद्यापीठांत नवे विद्यार्थी यायचे, महिनाभर गोंधळ घालायचे, मग जुन्यांकडून रीतभात शिकून रुळायचे. १९९३ पासून इंटरनेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या ग्राहकांचा लोंढा वर्षभर येऊ लागला आणि जुन्यांना शिकवायला उसंतच उरली नाही. त्या काळाला ‘कधीच न संपलेला सप्टेंबर’ म्हणतात. हे आम्हीही एकदा छोट्या प्रमाणात भोगलं. कोणीतरी कौतुकानं आमची लिंक एका मोठ्या ग्रुपवर टाकली, तेव्हा मंजुरीचं सेटिंग नव्हतं. रात्रीत साठ जण आले. सकाळी दोन कर्जाच्या जाहिराती, एक शेअर बाजाराची टिप आणि नऊ प्रश्न होते. नऊपैकी चारांना उत्तर मिळालं नाही. लिंक रद्द करून नवी बनवली आणि महिनाभर दार बंद ठेवलं.

आता महिन्याला दहाच्या वर घेत नाही. नवीन माणूस येतो तो कोणाच्या तरी ओळखीनं, किंवा नर्सरीत लावलेल्या आमच्या कागदी चिठ्ठीवरून. मंजुरीआधी मी दोन गोष्टी विचारते: कुठे राहता, आणि सध्या घरात कोणतं झाड तुम्हाला त्रास देतंय? दुसऱ्याचं उत्तर देणारा माणूस आल्या आल्या बोलतो, कारण त्याचा पहिला प्रश्न तयारच असतो. त्याचं स्वागत ॲडमिनऐवजी ओळख देणाऱ्यानं करावं, तेही त्याच्या झाडासकट: ‘या मनोरमानगरच्या ताई, यांचा अनंत फुलत नाहीये.’

ग्रुप फोडण्याची घाई करू नका. सव्वाशे झाल्यावर आम्ही भाजीपाला आणि फुलझाडं असे दोन केले, आणि महिन्याभरात दोन्हीकडे शुकशुकाट झाला, कारण जाणती माणसं तीच चार होती. परत एक केला. आता माझी कसोटी अशी: दोन्हीकडे रोजची फेरी मारायला वेगवेगळी माणसं तयार असतील तरच फोडा. तसं झालं तर व्हॉट्सॲपची २०२२ पासूनची कम्युनिटीची सोय बरी, एका छत्राखाली दोन्ही ग्रुप राहतात.

मोजायचं असेल तर सभासद मोजू नका. महिन्याच्या अखेरीस दोनच आकडे वहीत लिहा: किती प्रश्न कोरे राहिले, आणि किती वेगवेगळ्या माणसांनी उत्तरं दिली.

कायद्याचं थोडं

‘कोणी काही टाकलं तर ॲडमिनला पकडतात’ अशी भीती असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की सभासदानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला, दोघांचा समान हेतू असल्याशिवाय, केवळ ॲडमिन म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही. पुढच्या वर्षी केरळ उच्च न्यायालयानंही तसंच ठरवलं. तरी धार्मिक तेढीचं, बदनामीचं किंवा कोणाचा खाजगी फोटो असलेलं काही दिसलं तर लगेच पुसा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी पुसता येतो. सभासदांचे नंबर कोणत्याही नर्सरीला, दुकानाला किंवा उमेदवाराला देऊ नका. निवडणुकीच्या आधी ते मागायला माणसं येतात.

किल्ल्या दुसऱ्यांकडेही

एकटा ॲडमिन असलेला ग्रुप एका आजारपणात विस्कटतो. शिवाय व्हॉट्सॲपवर एकमेव ॲडमिन बाहेर पडला तर ते काम कोणाही सभासदाच्या गळ्यात आपोआप पडतं. म्हणून तिघे हवेत, आणि तिघांच्या दिनक्रमाच्या वेळा वेगळ्या हव्यात. आमच्यात एक सकाळी लवकर उठणारे निवृत्त काका, एक दुपारी मोकळ्या असणाऱ्या ताई आणि रात्रीची मी. वहीचे अधिकार तिघांकडे, आणि काढलेल्या माणसांची कारणांसकट यादीही तिघांकडे.

जूनच्या भेटीनंतर रात्रीची फेरी वर्षभरासाठी दुसऱ्याकडे जाते. देताना पहिला आठवडा दोघींनी मिळून फेरी मारायची, ग्रुपवर न दिसता, एकमेकींना खाजगीत विचारत: हा प्रश्न कोणाला द्यायचा, इथे थांबायचं का, हे काका रागावलेत का? दुसऱ्या आठवड्यात जुन्या ॲडमिननं फक्त वाचायचं. यंदा फेरी कासारवडवलीच्या त्या जास्वंदवाल्या ताईंकडे गेली. परवा साडेनऊच्या सुमारास त्यांचा मला खाजगी मेसेज आला: कळव्याचे ते काका परत येऊ इच्छितात, घेऊ का? मी लिहिलं, घ्या, आणि आधी कढीपत्त्याचं विचारा.